शिवबाईचा हरवलेला गुन्हा

शिवबाईला कुणी बिचारी म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा आमच्या धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "वळसंगची ती बिचारी म्हातारी, तिला ऐकू कमी यायचं म्हणून तिनं चुकून सरकारी ताल फोडली, तीच ना?" मी भाजी निवडत होते. परडी खाली ठेवली आणि म्हटलं, बस इथं. ऐकू कमी यायचं म्हणे. अगं, त्या बाईचे कान इतके तिखट होते की ओढ्यापलीकडच्या रानात कुणी तिच्याविषयी बोललं तर संध्याकाळपर्यंत तिचं उत्तर त्याच्या दारात पोचलेलं असायचं. तेव्हा जे झालं ते जसं झालं तसं ऐक, आणि पुन्हा तिला बिचारी म्हणू नकोस.

सालं चौतीस-पस्तीसची. आमच्याकडचे वळसंगच्या शाळेत मास्तर होते. मी सोलापुरात वाढलेली, कानडीचा गंध नाही, आणि वळसंगात पडले तर मराठीत विचारावं आणि कानडीत उत्तर यावं असा प्रकार. विहिरीवर बायका माझ्याकडे बघून हसत, आणि कशाला हसतात तेही मला कळत नसे. शिवबाईनं ते पाहिलं आणि एक दिवस घागर खाली ठेवून म्हणाली, "मास्तरीणबाई, ह्या तुमच्या घागरीला हसत्यात, तुमाला न्हाय. घागर गळतीया." तिथून आमची गट्टी जमली. ती मला कानडी शिकवायची आणि मी चुकले की मोठ्यानं हसायची. दुसरं कुणी हसलं तर मात्र त्याची खैर नसे.

ती बैलांशी कानडीत बोलायची आणि माणसांशी मराठीत. रागावली की उलटं व्हायचं. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाला होता, "वहिनी, रान आमी बगतो, तू भाकरी बग." तिनं पीठ मळायची परात उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली. "भाकरी तुमी बगा भावजी, रान मी बगते." दुसऱ्या दिवशी स्वतः औत जुपलं. गावानं चार दिवस नावं ठेवली, पाचव्या दिवशी तिच्याकडंच बी मागायला आलं. असं गाव असतं.

तिचं रान गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. काळीभोर, खोल जमीन. त्या रानातली ज्वारी म्हणजे तिचं वर्ष. दाणे तिला, कडबा बैलांना. त्या रानात पिकलं नाही तर दिराच्या दारात जाऊन उभं राहावं लागेल, हे ती जाणून होती, आणि त्यापेक्षा ओढ्यात उडी मारीन असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. तिच्या बोलण्यात नाटक नसायचं, म्हणून मला भीती वाटली होती.

तर त्या सुमाराला सरकारनं तालीचं काम काढलं. ताल म्हणजे उतारावर आडवा घातलेला मातीचा लांब बांध. पावसानं माती वाहून जाऊ नये, पाणी रानातच मुरावं, म्हणून. काम चांगलं, मी नाही म्हणत नाही. त्या कामावर ओव्हरसियर होते वेणीमाधवराव, पुण्याकडचे. गावात ब्राह्मणाचं घर आमचंच, म्हणून मुक्कामाला आले की आमच्याकडं जेवायचे. उन्हानं रापलेले, काटकुळे, कामाला वाघ. कानडी शिकायची भारी हौस. ताक वाढलं की कानडीत आणखी मागायचे आणि माझ्याकडं बघायचे, बरोबर म्हटलं का म्हणून. मीच दोन दिवसांची शिकाऊ, मी काय सांगणार.

नवी ताल वरच्या माळापासून शेजारच्या कोंडिबाच्या रानातून खाली शिवबाईच्या रानापर्यंत आली. वरच्या मुरमाड जमिनीत तालीनं जीव आणला. कोंडिबाच्या माळावर कधी नव्हे ती तूर उभी राहिली. पण शिवबाईच्या काळ्या रानात पाणी मुरेचना. हत्तीचा पाऊस झाला, म्हणजे हस्त नक्षत्राचा, आणि तालीच्या पोटाशी पाणी तुंबून राहिलं. नुकती उगवलेली ज्वारी पिवळी पडली, मग काळी पडली. त्या वर्षी तिला निम्मंच पीक आलं, आणि बैलांपैकी एक विकावा का, असं ती मला विचारून गेली. पुढं दोन दिवस ती माझ्याशीही कानडीतच बोलत होती.

वेणीमाधवराव येऊन बघून गेले. पायातल्या वहाणा काढून चिखलात उतरले, हे मी मान्य करते. म्हणाले, "इथं सांडवा हवा. जादा पाणी जायला दगडी तोंड. नकाशा पुण्याला पाठवतो."

"आन तवर?"

"मंजुरी येईपर्यंत तालीला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही नाही आणि मीही नाही. नियमच तसा आहे."

"साहेब," शिवबाई म्हणाली, "वरच्या रानाला तुमची ताल आई हाय. माझ्या रानाला सवत हाय. सवतीला घरात घ्यायचं तर निदान एक दार उगडं ठिवा की."

ते कसंनुसं हसले. नकाशा पुण्याला गेला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, अशी म्हणच आहे, पण सहा महिने गेले, वर्ष गेलं, पुन्हा हत्ती लागला, कागद काही आला नाही. ते आमच्याकडं जेवायला बसले की मी विचारायचे आणि ते मान खाली घालून भात कालवायचे. एकदा मी रागानं दुसऱ्यांदा वाढलंच नाही. मग त्यांनी स्वतःहून सांगितलं की आपण स्मरणपत्रं धाडली आहेत, वरून उत्तर नाही. मला त्यांची दया आली, पण रागही गेला नाही. पुण्यात बसून वळसंगचं पाणी अडवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं नव्हे तर काय?

आता दवंडीचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं आहे. गावात दवंडी द्यायचा मायाप्पा. तो आधी मराठीत ओरडायचा, मग कानडीत, मधे हलगी. त्या पावसाळ्यात त्याचे पुढचे दात पडले होते. हत्तीच्या तोंडावर सरकारचा हुकूम आला की ज्याच्या रानातली ताल खचली असेल त्यानं तिथं माती घालावी. कानडीत तालीला म्हणतात वड्ड. ताल घाला म्हणजे 'वड्ड हाक्री'. आणि फोडून टाका याला म्हणतात 'वडद हाक्री'. दात असलेल्या माणसानं म्हटलं तरी कान टवकारावे लागतात, आणि मायाप्पाच्या तोंडातून तर दोन्ही सारखंच बाहेर पडत होतं. गावात त्यावर हसाहशी झाली. पण हुकूम काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. सरकार आपलीच ताल फोडा म्हणून कशाला सांगेल?

दवंडीच्या दुसऱ्या दिवशी, चांगलं ऊन वर आल्यावर, शिवबाईनं कुदळ आणि खोरं घेतलं आणि तालीला तोंड पाडलं. शाळेतली पोरं धावत सांगत आली, मी तशीच निघाले. ती गुडघाभर चिखलात, पदर खोचलेला. तोंडातून पाणी धो धो ओढ्याकडं चाललेलं. कोंडिबा बांधावरून म्हणत होता, "शिवबाई, सरकारी हाय ती." ती म्हणाली, "रान माजं हाय." आणि एक खोरं माती आणखी ओढली. मला तेव्हा इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मामलेदार जवळच दौऱ्यावर होते, ते दुसऱ्याच दिवशी चावडीत आले. सगळं गाव लोटलं. मामलेदार सुज्ञ माणूस होता. तीसच्या साली सोलापुरात मार्शल लॉ लागून जे झालं ते अजून सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. तालीपायी एका विधवेला तुरुंगात घातलं असा गावोगाव बोभाटा त्यांना नको होता. त्यांनी दवंडीची गोष्ट ऐकली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाई," ते म्हणाले, "मायाप्पानं ताल घाला म्हटलं, तुला फोडा असं ऐकू आलं. ऐकण्यात चूक झाली. एवढं म्हण आणि घरी जा."

मायाप्पा पुढं झाला. "व्हय साहेब, माजंच दात पडल्यात. चूक माजीच."

"मायाप्पा, गप बस," शिवबाई म्हणाली. "तुजं दात पडलं, माजं कान न्हाय पडलं. साहेब, मला नीट ऐकू आलं. ताल घाला म्हणूनच हुकूम हुता. मी फोडली."

मामलेदारांनी कपाळाला हात लावला. मग वेणीमाधवराव पुढं येऊन तिला समजावू लागले, आणि समजावता समजावता नको ते बोलून गेले. "शिवबाई, ऐका माझं. चूक झाली म्हणा. मी उद्याच माणसं लावून तोंड बुजवून घेतो, प्रकरण मिटलं. गुन्हा नोंदला तर भानगड वाढेल. पंचनामा होईल, निकाल लागेपर्यंत त्या जागेला कुणाला हातही लावता यायचा नाही."

मी शिवबाईकडंच बघत होते. तिनं पदर सारखा केला.

"म्हंजी साहेब, चूक झाली म्हटलं तर उद्या तोंड बुजणार, आन माजी ज्वारी पाण्यात जाणार?"

वेणीमाधवरावांनी मान डोलावली.

"आन गुन्हा झाला तर तोंड उगडं राहणार?"

वेणीमाधवराव ओठ चावत होते. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "हो," ते म्हणाले.

"मग लिवा की गुन्हा. चांगला मोट्या अक्षरात लिवा."

चावडीत खसखस पिकली, कोंडिबा तर तोंडाला पटका लावून हसला. मामलेदार हसले नाहीत. त्यांनी गुन्हा नोंदवला, पंचनामा झाला, आणि जागेला कुणी हात लावू नये म्हणून राखणीला बसवलं कुणाला, तर मायाप्पाला. दिवसभर तो त्या फुटक्या तोंडाशी घोंगडी अंथरून बसायचा. शिवबाई त्याला भाकरी नेऊन द्यायची. पाणी वाहून गेलं, ज्वारी तरारली. संक्रांतीच्या पुढंमागं तिनं मायाप्पाला त्याच जागी हुरडा भाजून घातला, आणि दात नसल्यामुळं तो एकेक दाणा चघळत बसला. मीही खाल्ला. असा हुरडा मी पुन्हा खाल्ला नाही.

खटला सोलापूरच्या कचेरीत त्याच मामलेदारांपुढं चालला. तारखांवर तारखा पडल्या. शिवबाई प्रत्येक वेळी भाकरी बांधून जायची, उन्हात बसायची आणि तेच सांगून परत यायची. दिराच्या घरचे म्हणायला लागले, घराण्याला बट्टा लागणार. ती म्हणाली, लागू द्या, पीक तर लागलंय. चैत्रात निकाल झाला. आमच्याकडचे त्या दिवशी शाळेच्या कामानं सोलापुरातच होते, ते आधी आले आणि म्हणाले, "सुटली. निर्दोष."

मी साखरेची वाटी घेऊन धावले. ती नुकतीच परतून ओट्यावर बसली होती. साखर पुढं केली तर तिनं माझा हात बाजूला सारला आणि मला कानडीत झाडलं. मग तिला माझी कीव आली असावी. मराठीत म्हणाली, "बसा मास्तरीणबाई. साकर कशाची खायाची? त्यांनी काय लिवलं म्हाईत हाय का? बाईच्या ऐकण्यात चूक झाली, म्हणून सोडली. मी इतक्या येळा घसा फोडून सांगितलं, आन त्यांनी मलाच बहिरी ठरवली."

"अगं, पण सुटलीस ना?"

"मी सुटले. ताल अडकली की. आता गुन्हाच न्हाय म्हटल्यावर जागा मोकळी झाली. पावसाच्या आत बुजवत्यात. म्हंजी सा म्हैनं झालं ते सगळं फुकट. पुन्ना ज्वारी पाण्यात, आन मग मी दिराच्या दारात." तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवत नव्हती. "मला तुरुंगात घातली असती तर मी गेले असते. पर माजं केलेलं माजंच न्हाय म्हणत्यात, ह्यो अन्याव हाय."

मी साखर तशीच परत आणली. रात्रभर मला त्या मामलेदाराचा राग येत राहिला. माणसाला शिक्षेतून सोडवताना त्याच्या हातून त्याची करणी काढून घ्यायची, ही कुठली मेहेरबानी?

बाजाराच्या दिवशी ती मायाप्पाकडं गेली. मी मिरच्या घ्यायला आले होते, समोरच घडलं सगळं. ती म्हणाली, "मायाप्पा, हलगी काड. दवंडी द्यायची हाय."

"सरकारचा हुकूम हाय का?"

"कुणाची म्हस हरवली तर तू दवंडी देतोस की न्हाय?"

"देतो की."

"माजा गुन्हा हरवलाय. कचेरीत गेला हुता, तितं हरवला. दे दवंडी."

मायाप्पा घाबरला, पण तिच्या भाकऱ्या सहा महिने खाल्ल्या होत्या. त्यानं हलगी वाजवली. भर बाजारात, आधी मराठीत, मग कानडीत, बिनदाताच्या तोंडानं तो ओरडला, "ऐका हो ऐका. हळ्ळाकडच्या शिवबाईचा गुन्हा कचेरीत हरवला. तिनं ताल नीट ऐकून, दिसाढवळ्या, आपल्या हातानं फोडली. चुकून न्हाय. कुणी बुजवली तर पुन्ना फोडणार हो." हळ्ळ म्हणजे ओढा. मग निंगव्वा, मातीकामाच्या बायकांची मुकादमीण, तिनं आपली पाटी पालथी घातली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "पुन्यांदा सांग मायाप्पा, लांबच्यांना ऐकू आलं न्हाय." त्यानं पुन्हा सांगितलं. त्या दिवशी त्यानं ते किती वेळा सांगितलं कुणास ठाऊक.

वेणीमाधवरावांना हुकूम आलाच होता. मृगाच्या आधी तोंड बुजवा. आदल्या दिवशी आमच्याकडं जेवले तेव्हा मी त्यांच्याशी बोलले नाही. ते म्हणाले, "वहिनी, मंजुरी अजून आलेली नाही. मी काय करू?" मी म्हटलं, "ताक घ्या." तेवढंच.

सकाळी निंगव्वाची टोळी घेऊन ते रानात गेले. निम्मं गाव बांधावर. शिवबाई तोंडाच्या मधोमध बसलेली. तिच्या हातात काही नव्हतं. ती उठली नाही. वेणीमाधवरावांनी मराठीत सांगितलं, "चला, माती टाका." निंगव्वा कानाला हात लावून म्हणाली, "मराठी बराबर कळत न्हाय साहेब. कानडीत सांगा की." अगं, ती निंगव्वा मराठीत भांडायला लागली तर सोलापूरच्या वकिलाला हरवेल. पण चेहरा कसा, देवळातल्या मूर्तीसारखा.

वेणीमाधवरावांना हौस होतीच कानडीची. छाती भरून म्हणाले, "वड्ड हाक्री."

टोळीनं एकमेकींकडं पाहिलं. "वडद हाक्री?" निंगव्वानं विचारलं.

"हां, हां. वड्ड हाक्री."

शिवबाई तेवढ्यात उठून बाजूला झाली. आणि मग ज्या कुदळी चालल्या त्या चालल्या. माती टाकायची ती काढायला लागल्या. तोंडाच्या दोन्ही कडा उकरल्या, रुंद केल्या. साहेब ओरडताहेत, "वड्ड! वड्ड!" आणि बायका म्हणताहेत, "व्हय साहेब, वडद, वडद," आणि आणखी जोरानं खणताहेत. कोंडिबानंही कुदळ घेतली, आणि मायाप्पा काठावर उभा राहून हलगी वाजवत होता. जिथं एक बाई जेमतेम आडवी झाली असती, तिथून आता बैलगाडी गेली असती.

शेवटी वेणीमाधवराव बांधावर मटकन बसले. मला वाटलं आता रडतात. पण ते बराच वेळ त्या तोंडाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "असं उघडं ठेवलंत तर कडा कोसळतील. ओढ्यातले दगड आणा. पायऱ्यांसारखे लावा." हे त्यांनी मराठीत सांगितलं, आणि टोळीला ते अगदी बरोबर कळलं. दुपारपर्यंत दगड लागले. सांडवा झाला. मंजुरी नव्हती ती नव्हतीच.

मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. शिवबाईनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं होतं, ते प्यायले आणि तिलाच विचारलं, "आता पुण्याला काय लिहू मी?"

"लिवा की खरं काय ते," शिवबाई म्हणाली. "सगळ्या गावाच्या ऐकण्यात चूक झाली म्हणून लिवा." पेन्सिल चालू लागली तशी तिनं बोट वर केलं. "पर माजं नाव त्यात घालू नका साहेब. मला नीट ऐकू आलं हुतं."